भाषेचं भाडं कोणी भरायचं?

१९०७ च्या उन्हाळ्यात, ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या काळात, हंगेरीच्या बुडापेस्टमधल्या संसदेत तिला जोडलेल्या क्रोएशियाचे खासदार एकामागून एक उभे राहत आणि आपल्या क्रोएशियन भाषेत बोलत सुटत. समोरच्या बहुतेक हंगेरियन सदस्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण थांबवता येत नव्हतं. १८६८ च्या हंगेरी-क्रोएशिया करारानं त्यांना तो हक्क दिला होता, एरवी तो कोणी फारसा वापरत नसे इतकंच. क्रोएशियाचे चाळीस प्रतिनिधी तिथे बसत, आणि त्यांनी ठरवलं की आता कामकाज अडवायचं ते आपल्याच भाषेत.

एवढं काय घडलं होतं? विधेयक आलं होतं रेल्वे नोकरांच्या सेवाशर्तींचं. नेमणूक, बढती, शिस्त, सगळा रुक्ष मामला. त्यात एक अट अशी की रेल्वेत नोकरी हवी तर हंगेरियन भाषा यायलाच पाहिजे. हंगेरीच्या सरकारी रेल्वेचे रूळ क्रोएशियातूनही जात होते, म्हणून ती अट क्रोएशियातही लागू. आता गंमत बघा. क्रोएशिया-स्लाव्होनियाच्या हद्दीत सामाईक खात्यांचा कारभारही क्रोएशियन भाषेतच चालेल, असं त्याच १८६८ च्या करारात लिहिलेलं होतं, आणि रेल्वे हा सामाईक विषय होता. म्हणजे करार एका बाजूला आणि मंत्र्यांचं विधेयक दुसऱ्या बाजूला. ते मंत्री होते फेरेन्त्स कोशूत, १८४८ च्या हंगेरियन स्वातंत्र्यलढ्याचे नायक लायोश कोशूत यांचे चिरंजीव. बापानं व्हिएन्नातल्या सम्राटाच्या सत्तेविरुद्ध देश उठवला होता. मुलानं रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याला व्याकरण शिकायला बसवलं.

दोनच वर्षांपूर्वी, १९०५ मध्ये, क्रोएशियाच्या नेत्यांनी फियूमे (आजचं रियेका) इथे ठराव करून हंगेरीतल्या तेव्हाच्या विरोधी पक्षांशी हात मिळवला होता. व्हिएन्नाविरुद्ध एकत्र लढू, असा तो बेत. विरोधक सत्तेवर आले, आणि मैत्री फुटली ती रेल्वेच्या सेवानियमांवर. क्रोएशियाचे राज्यपाल, ज्यांना तिथे 'बान' म्हणत, ते तेओदोर पेयाचेविच यांनी राजीनामा दिला. फ्रानो सुपिलोसारखे नेते बुडापेस्टकडून तोंड फिरवून बसले. त्यातल्या अनेकांना पुढे हंगेरीपेक्षा सर्बियाच जवळचा वाटू लागला.

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या इतिहासावर बोलताना दोन ठरीव उत्तरं ऐकू येतात. राष्ट्रवादी म्हणतात, राष्ट्रं झोपली होती, ती जागी झाली, साम्राज्य मोडणारच होतं. डावे म्हणतात, कामगाराला राष्ट्र नसतं, भांडवलदार आणि वकील-मास्तर मंडळींनी त्याला भाषेच्या नादी लावलं. दोघांनाही रेल्वेतला माणूस नीट दिसलेला नाही, असं माझं मत आहे.

रेल्वे हा धंदाच असा, की एका टोकाला निघालेला निरोप दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोचला पाहिजे. म्हणजे सामाईक भाषा लागणार, त्यात वाद नाही. पण ती शिकायला वर्षं जातात, पैसा जातो, आणि ज्याच्या घरी ती बोलली जाते त्याला ती फुकटात मिळते. हा खर्च, म्हणजेच भाषेचं भाडं, कोणी भरायचं, यावर सगळा तंटा होता. झेक फायरमनला जर्मन माणसाचा राग असेलही. पण त्याला रोज टोचत होतं ते हे, की बढतीची परीक्षा दुसऱ्याच्या आईच्या भाषेत होती. याला भ्रम म्हणायचं असेल तर पगारालाही भ्रम म्हणावं लागेल.

साम्राज्याचं चित्र थोडक्यात सांगतो. १८६७ च्या तडजोडीनंतर राज्याचे दोन भाग झाले, राजा एकच. १९१० च्या शिरगणतीत मिळून पाच कोटींच्या वर लोक. ऑस्ट्रियाच्या भागात जर्मन एक तृतीयांशाहून थोडे जास्त, झेक एक चतुर्थांशाच्या आत, शिवाय पोलिश, युक्रेनियन, स्लोव्हेन, इटालियन. हंगेरीच्या भागात क्रोएशिया धरला तर हंगेरियन भाषक निम्म्यालाही कमीच. कागदावर ऑस्ट्रियाचा कायदा उदार होता: १८६७ च्या मूलभूत कायद्याच्या १९ व्या कलमानं प्रांतात रूढ असलेल्या सगळ्या भाषांना शाळा, कचेरी आणि सार्वजनिक जीवनात समान हक्क दिले. पण लोकांशी बोलायची भाषा वेगळी आणि खात्यानं खात्याशी बोलायची भाषा वेगळी, असा फरक अंमलदारांनी केला. तिकीट झेकमध्ये मागता येई. तिकीट विकणाऱ्यानं वरिष्ठांना अहवाल लिहायचा तो मात्र जर्मनमध्ये.

हा फरक किती स्फोटक होता ते १८९७ मध्ये कळलं. ऑस्ट्रियाचे पंतप्रधान बादेनी यांनी बोहेमिया-मोरावियातल्या (आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या) सरकारी अधिकाऱ्यांना १९०१ पर्यंत झेक आणि जर्मन दोन्ही यायलाच हव्यात असा हुकूम काढला. शिकल्यासवरल्या झेक माणसाला बहुधा जर्मन येतच असे. जर्मन माणसाला झेक शिकायची कधी गरज पडली नव्हती. म्हणजे पहिल्यांदाच भाडं जर्मन माणसाला भरावं लागणार होतं. काय झालं? संसदेत टेबलं बडवली गेली, शाईच्या दौती फेकल्या गेल्या, व्हिएन्ना आणि ग्राझच्या रस्त्यांवर दंगे उसळले, बादेनी गेले, दोन वर्षांत हुकूमही गेला. तोवर झेक माणसानं निमूट दुसरी भाषा शिकणं हा निसर्गनियम समजला जात होता. जर्मन माणसावर तीच पाळी आली तेव्हा तो राष्ट्राचा अपमान ठरला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. रेल्वेत भाषेचा घोळ झाला तर माणसं मरतात. एकच भाषा ही सक्ती नव्हे, सुरक्षितता आहे. मान्य. पण सुरक्षिततेला किती भाषा लागते? तिथल्या रेल्वेमार्गावर चौक्यांमधून विजेच्या घंटा बसवलेल्या असत. किती ठोके, कोणत्या क्रमानं, यावरून फाटकवाल्याला कळे की गाडी कुठल्या बाजूनं निघाली आहे. तो ठोके मोजत बाहेर येई, फाटक पाडी, झेंडी किंवा कंदील घेऊन उभा राही. घंटेला मातृभाषा नसते. झेंडीचे रंग झेकला आणि जर्मनला तेच. हुकमाची ठरावीक वाक्यं पाठ करायला महिना पुरतो. पण अट हुकमांपुरती नव्हती. अट कचेरीतल्या भाषेची होती, अर्जाच्या, अहवालाच्या, परीक्षेच्या. गाडी सुरक्षित जावी म्हणून ती नव्हती. खुर्चीत कोण बसणार ते ती ठरवत होती.

दुसरी रीत त्याच साम्राज्यात, त्याच सम्राटाच्या नावानं चालू होती, आणि तीही सैन्यात. सामाईक सैन्यात कवायतीचे हुकूम जर्मनमध्ये होते, ऐंशीच्या आसपास शब्द, प्रत्येक शिपायानं पाठ करायचे. पण पलटणीत वीस टक्के जवान एखादी भाषा बोलत असतील तर ती पलटणीची भाषा ठरे, आणि अधिकाऱ्यानं ती तीन वर्षांत शिकायची. शिपायाशी बोलायचं ते त्याच्या भाषेत. अधिकारी कुरकुरत असतील, कित्येकांचं शिक्षण जेमतेम असेल, पण नियम असा की भाडं वरच्यानं भरायचं. हे काही प्रेमापोटी नव्हतं. ज्याला मरायला पाठवायचं त्याला निदान कशासाठी ते कळलं पाहिजे, इतका व्यवहार त्यात होता. सैन्याचं गुणगान मला करायचं नाही. पण सैन्याला जे जमलं ते स्टेशनमास्तरच्या बाबतीत का जमू नये, याचं उत्तर मला कुठे सापडत नाही. वरच्या साहेबानं तीन वर्षांत क्रोएशियन शिकावी असं १९०७ चं विधेयक म्हणत नव्हतं. खालच्या सांधेवाल्यानं हंगेरियन शिकावी असं म्हणत होतं.

हंगेरियन नेत्यांची बाजूही सांगायला हवी. अठराव्या शतकात सम्राट दुसऱ्या जोसेफनं त्यांच्यावर जर्मन लादायचा प्रयत्न केला होता. १८४८ चा उठाव मोडल्यावर पुन्हा तेच झालं. अंगावर वळ उठलेला समाज होता तो. स्वतःचं राज्य आलं तेव्हा त्यांनी वळ पुसायचा मार्ग असा काढला की छडी आपल्या हातात घेतली. त्याच १९०७ मध्ये हंगेरीचे शिक्षणमंत्री आपोन्यी यांचा शाळांचा कायदा आला आणि अ-हंगेरियन शाळांवर हंगेरियनचं ओझं वाढलं. क्रोएशियात हंगेरियन रेल्वे नोकरांच्या मुलांसाठी रेल्वेनं हंगेरियन शाळा चालवल्या होत्याच. म्हणजे बदलून आलेल्या हंगेरियन माणसाची सोय होती. तिथल्याच माणसानं मात्र आपल्या गावात नोकरी मिळवायची तर परीक्षा द्यायची.

त्यामुळे स्टेशन हेच भांडणाचं ठिकाण झालं. १९०३ मध्ये झाग्रेबमध्ये रेल्वेच्या इमारतीवरच्या हंगेरियन पाटीविरुद्ध निदर्शनं झाली. झाप्रेशिच या छोट्या स्टेशनावर शेतकरी जमले, गोळीबार झाला, एक माणूस मेला. खेड्यातल्या शेतकऱ्याला बुडापेस्टचा मंत्री आयुष्यात दिसला नसता. त्याला सरकार दिसलं ते स्टेशनवरच्या टोपीवाल्या माणसाच्या आणि पाटीच्या रूपात. पाटी हटवा म्हणणारा भाषाभिमानी होता असं म्हणा, पण त्या पाटीमागे उभी असलेली नोकरी आपल्या मुलाला मिळणार नाही, हेही त्याला दिसत होतं.

रेल्वेची आणखी एक खोड होती, बदली. शेतकऱ्याची जमीन हलत नाही, रेल्वेवाल्याचं घर दर काही वर्षांनी हलतं. पिल्झनचा झेक माणूस उत्तर बोहेमियातल्या जर्मन गावात जातो. बायको बाजारात जाते तर भाजीवाली बोलणं समजत नाही असं दाखवते. मूल सहा वर्षांचं होतं आणि प्रश्न येतो, कुठल्या शाळेत घालायचं? १८८० साली एका बाजूला जर्मन शाळा संघ आणि दुसऱ्या बाजूला झेक शाळांसाठीची मातित्से श्कोल्स्का अशा दोन संस्था उभ्या राहिल्या, आणि सीमेवरच्या गावांत पोरं गोळा करायची त्यांची चढाओढ लागली. परगावचे रेल्वेवाले हा त्यांचा मोठा आधार. शाळा निघाली की गावातले दुसरे लोक म्हणायचे, बघा, रेल्वेनं परके आणून वसवले.

आणि तरी त्याच प्रदेशात एक जुनी चाल होती, जी मला या सगळ्या कहाणीत सर्वांत शहाणी वाटते. झेक कुटुंब आपलं मूल उन्हाळ्यापुरतं, कधी वर्षभर, जर्मन कुटुंबात पाठवी आणि त्यांचं मूल आपल्याकडे ठेवून घेई. दोघांची पोरं दुसरी भाषा शिकून परत येत. खर्च बरोबरीनं वाटला गेला, कोणाचा अपमान झाला नाही, कोणत्याही कायद्याची गरज पडली नाही. दोन्हीकडचे राष्ट्रवादी या अदलाबदलीवर तुटून पडले ते उगीच नाही.

ऑस्ट्रियाच्या त्रिएस्त बंदरात हाच खेळ उलट्या बाजूनं चालला. शहरावर इटालियन भाषकांचा ताबा, आसपासच्या खेड्यांत स्लोव्हेन. १९०६ मध्ये आल्प्स ओलांडून नवा रेल्वेमार्ग त्रिएस्तला येऊन भिडला, आणि सरकारी रेल्वेत स्लोव्हेन माणसं भरली जातात अशी इटालियन पुढाऱ्यांची ओरड वाढली. त्यांच्या लेखी हे परप्रांतीय. १९१० ची शिरगणती नगरपालिकेनं अशी केली की व्हिएन्नाला फेरमोजणी करावी लागली, आणि स्लोव्हेन भाषकांचा आकडा सुमारे वीस हजारांनी वाढून सत्तावन्न हजारांच्या जवळ गेला. वीस हजार माणसं आपल्याच शहराला दिसत नव्हती.

मग कामगारांची एकजूट म्हणजे निव्वळ घोषणा होती का? नाही. १९०५ च्या शरद ऋतूत ऑस्ट्रियाच्या रेल्वेत जे झालं ते आपल्याकडच्या युनियनवाल्यांना सांगायची गरज नाही. वर्क टू रूल. रेल्वेवाल्यानं सरळ संप करणं जोखमीचं होतं, म्हणून त्यांनी ठरवलं की नियमपुस्तकात जे लिहिलंय ते सगळं, कानामात्रेसकट, पाळायचं. प्रत्येक जोड तपासायचा. प्रत्येक ब्रेक तपासायचा. मालाचं वजन नियमाप्रमाणे करायचं, डबे हलवताना नियमाबाहेर तसूभरही घाई करायची नाही. यार्डात मालडबे तुंबले, गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं, कोणी एकही नियम मोडला नव्हता आणि सरकारला तडजोडीला बसावं लागलं. १९०७ मध्ये पुन्हा तेच हत्यार निघालं. त्या आंदोलनात जर्मन, झेक, पोलिश, स्लोव्हेन सगळे होते. ज्या जर्मन नियमपुस्तकावरून एरवी कुरबुर चाले, तेच पुस्तक सगळ्यांनी मिळून साहेबावर उलटवलं! मला ही घटना फार आवडते, कबूल करतो.

एकजूट झाली ती अशा मागणीवर, जिच्यात सगळ्यांना सारखं मिळणार होतं: पगार, कामाचे तास. पगारवाढ झेकला दहा टक्के आणि जर्मनला पाच असं होत नाही. पण आंदोलन मिटलं, माणसं कामावर परतली, आणि वरिष्ठ सांधेवाल्याची एक जागा निघाली की पुन्हा दोन माणसं आणि एक परीक्षा. संघटनेच्या पुढाऱ्यांनी याकडे पाहायचं टाळलं. त्यांच्या लेखी भाषेचा प्रश्न बुर्झ्वा भांडण होतं. केंद्रीय संघटनेची मुखपत्रं जर्मन आणि झेक दोन्ही भाषांत निघत, तेवढं त्यांना पुरेसं वाटलं. व्हिएन्नातल्या कार्यकारिणीत बोलणं कुठल्या भाषेत चालतं हे मात्र झेक कामगार बघत होते. झेक कामगार संघटना हळूहळू वेगळ्या झाल्या. १९१० मध्ये कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेनं या फुटीला दोष दिला, त्यानं काही फरक पडला नाही.

जी जागा समाजवाद्यांनी मोकळी सोडली तिथे दुसरे येऊन बसले. झेक बाजूला १८९७-९८ मध्ये राष्ट्रीय समाजवादी म्हणवणारा पक्ष निघाला. जर्मन बाजूला १९०३-०४ मध्ये बोहेमियात जर्मन कामगार पक्ष निघाला, आणि त्यात रेल्वेवाले बरेच होते. रूडॉल्फ युंग हा त्यातला पुढचा एक पुढारी रेल्वेतच इंजिनियर. झेक पक्ष पुढे लोकशाहीच्या चाकोरीत राहिला. जर्मन पक्षानं १९१८ च्या मे महिन्यात नाव बदलून 'जर्मन राष्ट्रीय समाजवादी कामगार पक्ष' असं केलं. म्युनिकच्या, म्हणजे हिटलरच्या, पक्षानं जवळपास तेच नाव घ्यायच्या दोन वर्षं आधी. सगळा दोष रेल्वेतल्या बढतीच्या यादीवर टाकणं हास्यास्पद होईल, पण स्वस्तात राबायला तयार असलेला झेक कामगार आपली जागा घेतो, ही त्या पक्षाची पहिली हाकाटी होती, हे विसरून चालणार नाही.

या घोळात एक माणूस मुद्द्याच्या जवळ पोचला होता, ऑस्ट्रियाचा समाजवादी कार्ल रेनर. १८९९ मध्ये त्यानं टोपणनावानं पुस्तिका लिहून सुचवलं की राष्ट्रीयत्व जमिनीला नको, माणसाला चिकटवा. धर्म जसा माणसाबरोबर जातो, तसं. प्रत्येकानं आपली नोंद आपल्या भाषासमाजात करायची, शाळा-संस्कृतीचे हक्क त्या नोंदीवर, राहतो कुठे त्यावर नाही. विद्वानांनी याची थट्टा केली. हवेत तरंगणारं राष्ट्र म्हणाले. मला वाटतं ही कल्पना ज्यांच्यासाठी सर्वांत मोलाची होती ते म्हणजे बदलीवाले. प्रांतवार वाटणी शेतकऱ्याला पुरते. पिल्झनहून निघालेल्या माणसाला तिचा उपयोग प्रांताच्या वेशीपर्यंतच. १९०५ मध्ये मोरावियात मतदारयाद्या भाषावार करून ही कल्पना थोडीफार अमलात आली. रेनरची उणीव इतकीच की त्यानं शाळेचा विचार केला, नोकरीचा नाही. मूल झेक शाळेत जाईल, पण बापाची परीक्षा?

इथे आपली आठवण येणं साहजिक आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत ड्रायव्हर-गार्डच्या वरच्या जागा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी राखीव असल्यासारख्याच होत्या. तिथे तर परीक्षा देऊनही काही होण्यासारखं नव्हतं, कातडीची परीक्षा कोण पास होणार? १८९९ मध्ये जीआयपीच्या सिग्नलर मंडळींनी संप केला तेव्हा टिळकांच्या 'केसरी'नं त्यांची बाजू उचलून धरली. तिथे मजुरीचं आणि राष्ट्राचं भांडण एकाच रेषेत येत होतं, म्हणून ते सोपं होतं. ऑस्ट्रियात वरही कामगार, खालीही कामगार.

आणि अलीकडचं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मारहाण झाली. गरीब पोरांना प्लॅटफॉर्मवर मारणं ही मर्दुमकी नव्हे, आणि त्याचं समर्थन मी कधी केलं नाही, करणारही नाही. पण परीक्षा मराठीत का नाही, हा प्रश्न मारहाणीमुळे खोटा ठरत नव्हता. पुढे रेल्वेनं या परीक्षा प्रादेशिक भाषांत घ्यायला सुरुवात केली. पेपर छापायचा खर्च खात्यानं उचलला, उमेदवारावरचा भार कमी झाला. हे आधी का करता आलं नाही? आणि उलट बाजूनंही विचारायला हवं. तिकीट खिडकीवर बसलेल्या बिहारी किंवा तेलुगू कारकुनाला मराठी येत नाही म्हणून त्याचा व्हिडिओ काढून फिरवणारे, त्याला मराठी शिकवायचा वर्ग, त्यासाठीची पगारी रजा आणि शिकल्यावरची पगारवाढ खात्यानं द्यावी अशी मागणी का करत नाहीत? बहुधा त्याचा व्हिडिओ होत नाही म्हणून.

१९१८ मध्ये साम्राज्य मोडलं. आता तरी भाड्याचा प्रश्न सुटायला हवा होता, ज्याचं त्याला राज्य मिळालं. पण नव्या सीमा आखताना रेल्वेच पुन्हा आडवी आली. ग्म्यूंड गावाचं मुख्य स्टेशन आणि मोठा रेल्वे कारखाना झेकोस्लोव्हाकियाला गेला, गाव ऑस्ट्रियात राहिलं. कारखान्याभोवती वाढलेल्या वस्तीचं नाव चेस्के वेलेनित्से. तेशिन शहर आणि आसपासच्या मुलखासाठी पोलंड आणि झेकोस्लोव्हाकिया १९१९ च्या जानेवारीत आठवडाभर लढले, त्यात मुख्य कारण स्लोव्हाकियाकडे जाणारा रेल्वेमार्ग. १९२० मध्ये वाटणी झाली तेव्हा जुनं शहर पोलंडला आणि स्टेशन झेकोस्लोव्हाकियाला.

माणसांचं काय? झेकोस्लोव्हाकियानं १९२० मध्ये भाषेचा कायदा केला, १९२६ मध्ये त्याचे नियम आले. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या जर्मन भाषक रेल्वेवाल्यांना झेक भाषेची परीक्षा द्यायला बसवलं. नापास झालेल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. बादेनीच्या हुकमावर रस्त्यावर उतरलेल्यांची भीती खरी ठरली, पण ती बादेनीमुळे नव्हे. बादेनीनं दोघांना दोन भाषा शिकायला सांगितलं होतं. तो सौदा नाकारल्यावर जो पुढे आला तो एकतर्फी होता. आणि ज्यांना वाटतं की आपल्याच भाषेचं सरकार आलं की कामगाराचं भलं होतं, त्यांनी स्लोव्हेन लोकांचं ल्युब्लियाना आठवावं. २४ एप्रिल १९२० ला तिथल्या झालोश्का रस्त्यावर संपकरी रेल्वे कामगारांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या, डझनाहून जास्त माणसं मेली. जर्मन साहेब तोवर गेलेला होता.

हंगेरीचं तर दोन तृतीयांश राज्य गेलं. ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे गेलं, आणि नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्या असं सरकारी नोकरांना सांगण्यात आलं. अनेकांनी नकार दिला. त्यात मास्तर होते, कारकून होते, रेल्वेवाले होते. घरदार सोडून ते बुडापेस्टकडे निघाले. काही वर्षांत हंगेरीत साडेतीन लाखांच्या आसपास निर्वासित आले, आणि शहरांत जागा नव्हती. मग हजारो कुटुंबं स्टेशनांच्या यार्डात उभ्या केलेल्या मालडब्यांतच राहिली. कोणी महिने, कोणी वर्षं. लोक त्यांना 'वागोनलाकोक' म्हणत, डब्यात राहणारे. डब्याच्या छतातून चुलीचा धुराडा बाहेर काढलेला, दाराला दोरी बांधून कपडे वाळत घातलेले, सरकत्या दाराआड बाई स्वयंपाक करतेय. डबे होते हंगेरीच्या सरकारी रेल्वेचे, ज्या रेल्वेनं बारा-तेरा वर्षांपूर्वी क्रोएशियातल्या सांधेवाल्याला हंगेरियन शिकून ये म्हणून सांगितलं होतं.